नफरी वेगळी, शिष्य वेगळे

मुक्काम : अधारताल, जबलपूर

मंडळी, या वेळच्या लेखात बर्फ नाही, बॉर्डर नाही आणि कँटीनच्या रांगेतल्या गमतीही नाहीत. जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये मला जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, त्यावर लिहायचे आहे. प्रश्न साधा होता : "साहेब, तुमच्यात ते तारण म्हणतात ते काय असतं? बाप्तिस्मा घेतला की माणूस तरला, असंच ना?"

विचारणारे बहुतेक आपलेच. सातारा, सांगली, नगरकडचे जवान. त्यात कुचेष्टा नसायची. मी नगर जिल्ह्यातला, तिसऱ्या पिढीचा मराठी ख्रिस्ती. नाव ऐकून कुणाला पटकन कळत नाही. रविवारी सकाळी चर्चला निघालो की कळते, आणि मग प्रश्न सुरू होतात. तेव्हा चहा संपेपर्यंत जेवढे सांगता येई तेवढे सांगितले. आता पेन्शनीत आहे, वेळ भरपूर आहे, आणि बोलायला मोकळाही आहे. म्हणून सविस्तर लिहितो. पटले नाही तर वाद घाला, पण आधी पुरते वाचा.

राहायला होतो अधारतालला. जबलपूर स्टेशन सोडून कटनीकडे निघाले की पुढचेच स्टेशन. शेजारी जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ, पलीकडे कारखाने. जबलपूरची माणसे सांगतात की गोंडांच्या राणी दुर्गावतीच्या नावाने राणीताल, तिच्या दासीच्या नावाने चेरीताल आणि दिवाण अधारसिंहाच्या नावाने अधारताल. राणी २४ जून १५६४ रोजी मोगल फौजेशी लढताना गेली. मालकाच्या नावाचे तळे सगळीकडे असते. चाकराच्या आणि दासीच्या नावाची तळी साडेचारशे वर्षे टिकली, हे मला या शहराचे विशेष वाटते. सेवेची आठवण टिकते, हा या लेखाचाही विषय आहे.

आता तारण. मराठीत हा शब्द आज बँकेत जास्त ऐकू येतो. घर तारण, सोने तारण. गहाण पडलेली वस्तू आपण होऊन सुटत नाही, कुणीतरी पैसे भरून ती सोडवावी लागते. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चमध्ये तारण म्हणतो तेव्हा अर्थ दुसरा असतो. बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे, तारणे, तो अर्थ. पण दोन्ही अर्थांत एक गोष्ट सारखी आहे. गहाण पडलेला दागिना स्वतःला सोडवत नाही आणि बुडणारा माणूस स्वतःचे केस धरून स्वतःला वर ओढू शकत नाही. सोडवणारा बाहेरून यावा लागतो. ख्रिस्ती शिकवणीचा पाया एवढाच आहे. माणूस आपल्या पुण्याईने तरत नाही, देवाच्या कृपेने तरतो. ती कृपा येशूच्या मरणात आणि पुनरुत्थानात मिळाली, आणि ती विश्वासाने घ्यायची.

इथपर्यंत आलो की जवान म्हणायचे, "मग सोपं आहे की! काहीच करायला नको."

अशा वेळी मी त्यांना भरतीचे उदाहरण द्यायचो. फौजेच्या भरतीला १६०० मीटर धावावे लागते. दम तुटेपर्यंत धावतो, छाती मोजून घेतो, कागद तपासून घेतो, मग नाव लागते. ख्रिस्ताकडे उलटे आहे. न धावता भरती आहे. क्रुसावर येशूच्या शेजारी जो चोर टांगला होता, त्याच्याकडे ना बाप्तिस्मा होता, ना दानधर्म, ना एका दिवसाची सर्व्हिस. मरता मरता त्याने एक विनंती केली आणि त्याला स्वर्गाचे वचन मिळाले. तेव्हा भरती फुकट आहे हे खरे. पण भरती फुकट म्हणून सर्व्हिसही फुकट, हे कुणी सांगितले?

दुसरा माणूस बघा. जक्कय नावाचा जकातदार. रोमन सरकारसाठी कर गोळा करणारा आणि त्यात स्वतःचे खिसे भरणारा. येशू त्याच्या घरी जेवायला गेला. आधी सुधार, मग येतो, अशी अट घातली नाही. पण जक्कय उठून उभा राहिला आणि म्हणाला की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशूने सांगितले की आज या घराला तारण मिळाले. पैसे परत केले म्हणून तारण विकत मिळाले, असे नाही. तारण घरात आले म्हणून पैसे बाहेर निघाले. चोराला वेळ नव्हता, जक्कयाला होता. तुम्हा-आम्हाला वेळ आहे. त्यामुळे आपला हिशेब जक्कयासारखा होणार, चोरासारखा नाही.

या मुद्द्यावर चर्चमध्येच शतकानुशतके भांडणे झाली. पौलाने इफिसकरांना लिहिले की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारू नये. याकोबाने लिहिले की कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे, नुसते मानायचे तर भुतेही देव मानतात आणि थरथर कापतात. १५१७ साली मार्टिन लुथरने जर्मनीत जे आंदोलन सुरू केले त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता, आणि याकोबाचे पत्र त्याला इतके अडचणीचे वाटले की त्याने ते गवताच्या काडीसारखे ठरवले. पण पौलाच्याच पत्रात त्या दोन ओळींच्या लगेच पुढे लिहिले आहे की आपल्याला घडवले गेले आहे ते चांगली कामे करण्यासाठी. लोक फुशारकीपर्यंत वाचतात आणि पुस्तक मिटतात. शेवटी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि लुथरन चर्चने मिळून जाहीर केले की तारण कृपेनेच आहे आणि चांगली कामे हे त्याचे फळ आहे. २००६ साली मेथडिस्टांनीही ते मान्य केले. जबलपूरला मेथडिस्टांचे काम जुने आहे. पाद्री घडवणारे लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज इथे १९२३ पासून आहे. म्हणजे ज्या वादासाठी युरोपात रक्त सांडले, तो कागदावर तरी मिटला. पण माणसांच्या मनात मिटलेला नाही. आजही एकाला वाटते की बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे काम झाले, आणि दुसऱ्याला वाटते की देवाकडेही पॉइंट जमा करून प्रमोशन मिळते.

माझे मत असे आहे की या घोटाळ्याचे मूळ एका शब्दात आहे. आपण ख्रिस्ती हा शब्द धरून बसलो आणि शिष्य हा शब्द सोडला. नव्या करारात ख्रिस्ती हा शब्द फक्त तीन वेळा येतो. अंत्युखिया शहरातल्या लोकांनी या मंडळींना पहिल्यांदा ते नाव दिले. शिष्य हा शब्द अडीचशेहून अधिक वेळा येतो. आणि शेवटची आज्ञा आहे ती सर्व राष्ट्रांत शिष्य करा अशी. सभासद वाढवा अशी नाही.

शिष्य म्हणजे काय हे आपल्याला कुणी परक्याने सांगायला नको. आपल्याकडे आखाड्यात वस्ताद असतो, फौजेत उस्ताद असतो. उस्तादाचे नाव सांगितल्याने रंगरूट जवान होत नाही. त्याच्यासारखे उठायचे, त्याच्यासारखे हत्यार साफ करायचे, त्याचा ओरडा खायचा, मग केव्हातरी अंगात मुरते. येशूने हेच मागितले. आणि तो गोड बोलून फसवणारा रिक्रूटिंग एजंट नव्हता. त्याने आधीच सांगून टाकले की मनोरा बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. जो राजा दहा हजार फौज घेऊन वीस हजारांवर चालून जाणार, तो आधी बसून विचार करतो की निभेल का, नाहीतर शत्रू दूर असतानाच तहाला वकील पाठवतो. हे वाचताना मला नेहमी वाटते की या माणसाला ऑपरेशनचे प्लॅनिंग कळत होते.

सैनिकांबद्दल तर बायबलमध्ये बरेच आहे आणि ते आपल्या वाचकांना आवडेल. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि म्हणाले, आम्ही काय करावे? त्याने नोकरी सोडा म्हटले नाही. धाक दाखवून कुणाचे पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना, असे सांगितले. चेकपोस्टवर ड्यूटी केलेल्या प्रत्येकाला या तीन गोष्टींचा अर्थ व्याख्यानाशिवाय कळतो. कफर्णहूमचा रोमन शताधिपती आपल्या आजारी चाकरासाठी येशूकडे मदत मागतो आणि सांगतो की तुम्ही घरी यायची गरज नाही, नुसते शब्दाने सांगा. कारण मीही हुकमाखालचा माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. हुकूम म्हणजे काय हे मला कळते. येशू म्हणाला की एवढा विश्वास मला इस्राएलातही सापडला नाही. पुजाऱ्याला नाही, पंडिताला नाही, परक्या फौजेच्या एका अधिकाऱ्याला ही शाबासकी मिळाली. विश्वास म्हणजे डोळे मिटून गप्प बसणे नव्हे. हुकूम देणारा कोण आहे हे ओळखून त्याच्या शब्दावर पाऊल टाकणे म्हणजे विश्वास, हे त्याला समजले होते.

आणखी एक. त्या काळी रोमन शिपाई रस्त्यावरच्या कुणालाही पकडून एक मैल ओझे वाहायला लावू शकत असे. बेगारच ती. येशूने आपल्या लोकांना सांगितले की एक मैल नेले तर दोन मैल जा. पहिला मैल सक्तीचा, दुसरा स्वखुशीचा. शिष्य दुसऱ्या मैलात ओळखू येतो.

आता महाराष्ट्रातली माणसे घेऊ, म्हणजे गोष्ट परदेशातली वाटणार नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. पण त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढे कित्येक वर्षे लागली. बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळींशीही त्यांनी सिद्धान्तांवरून वाद घातला. न पटलेले मान्य करायला त्या तयार नव्हत्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या इकडे, मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन गेल्या. त्यांना दुष्काळ पुस्तकातून माहीत नव्हता. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली होती. केडगावला या मुलींसाठी जी संस्था उभी राहिली तिचे नाव त्यांनी मुक्ती ठेवले. बघा, चर्चचा शब्द तारण, आपल्या परंपरेचा शब्द मुक्ती, आणि रमाबाईंनी तो शब्द भाकरी, छप्पर, अक्षरओळख आणि हाताला काम यांच्यावर पाटी म्हणून लावला. मेल्यानंतरचे तारण त्यांनी नाकारले नाही. पण उपाशी मुलीला आधी जेवायला घातल्याशिवाय ते सांगायचे नाही, हे त्यांनी कृतीने शिकवले. पुढे उरलेले आयुष्य हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवले आणि १९२२ साली गेल्या.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडकले ते अडकलेच. १८९५च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर फुटले. लक्ष्मीबाई पाचेक वर्षे वेगळ्या राहिल्या. त्या परत आल्या त्या नवऱ्याच्या हुकमाने ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांनी आधी स्वतःच्या मनाशी भांडून जातीचे सोवळे सोडले, मग स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते ठाऊक आहे. न वाचलेल्यांनी वाचावे, धर्मासाठी नाही तर मराठीसाठी. आणि टिळकांचे शेवटचे पाऊल फार कमी लोकांना माहीत आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्ताचे शिष्य चालणार होते. दोन वर्षांत ते वारले आणि काम मोठे झाले नाही. पण प्रश्न त्यांनी नेमका पकडला होता : चर्चच्या रजिस्टरात नाव आहे की नाही हा एक प्रश्न, तू त्याच्या मागे चालतोस की नाही हा वेगळा प्रश्न.

तिसरा माणूस जबलपूरच्या जवळचा. शामराव हिवाळे, मराठी ख्रिस्ती. व्हेरियर एल्विन या इंग्रज पाद्र्याबरोबर ते १९३२ साली इकडच्या मैकल डोंगरातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला आले. शाळा, दवाखाना, महारोग्यांसाठी आश्रम. एल्विनचे आपल्या बिशपांशी बिनसले, पुढे त्यांनी चर्चही सोडले आणि ते मोठे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले. शामरावांचे नाव मागे राहिले. पण रोजची जखम धुणे, भांडणे मिटवणे, पोलिसाच्या आणि सावकाराच्या दारात गरीब गोंडाबरोबर उभे राहणे हे काम त्यांनी केले. त्यांनी किती बाप्तिस्मे दिले असे विचाराल तर उत्तर शून्य. शिष्यत्वाची पट्टी लावाल तर उत्तर वेगळे येईल.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण त्याच्यामुळेच हे लिहायला घेतले. या राज्यात धर्मांतराचा प्रश्न जुना आहे. १९५४ साली नियोगी समिती नेमली गेली, १९५६ साली तिचा अहवाल आला. १९६८ साली धर्मस्वातंत्र्य कायदा झाला. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला आणि सांगितले की धर्माचा प्रचार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. २०२१ साली नवा, आणखी कडक कायदा आला. धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. विधी करणाऱ्या पाद्र्याने किंवा पुजाऱ्यानेही कळवायचे. तेव्हापासून किती धर्मांतरे झाली, कुणी केली, कुठे केली, याची मोजणी चहाच्या टपरीवरही चालते.

माझे म्हणणे असे की दोन्ही बाजू नफरी मोजत आहेत, आणि दोघेही चुकतात.

काही मिशनवाल्यांना परदेशी देणगीदारांना पाठवायला आकडे लागतात. अमुक गावात इतके, तमुक गावात इतके. हा आकडा कशाचा? शिष्य असा झटक्यात होत नाही. धान्य देऊन, नोकरीचे आमिष दाखवून किंवा आजाराची भीती घालून केलेला ख्रिस्ती हा ख्रिस्ताच्या स्वतःच्या शिकवणीनुसार शिष्य नाही. येशूने तर एका श्रीमंत तरुणाला अट ऐकून परत जाऊ दिले, मागे धावला नाही, अट कमी केली नाही. ज्याच्या गुरूने गिऱ्हाईक सोडले त्याच्या चेल्यांनी गिऱ्हाईक पकडायला गळ टाकू नये. फसवणूक आणि जबरदस्ती रोखण्याचा सरकारला अधिकार आहे, आणि खऱ्या शिष्याला त्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही सांगतो. एखादा सज्ञान माणूस विचार करून, घरच्यांशी भांडून, रात्र रात्र जागून एका निर्णयाला आला, तर त्याच्या मनाची परवानगी कलेक्टर कचेरीतल्या अर्जावर कशी मिळणार? टिळकांना आणि लक्ष्मीबाईंना अशी नोटीस लागली असती तर साठ दिवस दारात लोक जमले असते. आमिषाने धर्म बदलतात असे म्हणणाऱ्यांनी उलटा हिशेबही बघावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या आरक्षणाचा हक्क जातो. हिंदू, शीख आणि बौद्धांना तो आहे. नगर, जालना भागातल्या आमच्या किती घरांनी हा तोटा पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. आमिष म्हणावे तर हे फारच महागडे आमिष झाले! आणि त्याच घरांना चर्चमध्येही जात चुकली नाही, हेही सांगायला हवे. बाक वेगळे, सोयरीक वेगळी. तारण एकाच तारणाऱ्याचे आणि सोयरीक मात्र जातीत, हा आमच्या शिष्यत्वातला मोठा खड्डा आहे. तो सरकारने बुजवायचा नाही, आम्ही बुजवायचा आहे.

फौजी वाचकांच्या मनात आता एक प्रकरण आले असेल. एका घोडदळ रेजिमेंटमधल्या ख्रिस्ती लेफ्टनंटला २०२१ साली बडतर्फ केले गेले. तो आपल्या शीख जवानांबरोबर धर्मस्थळापर्यंत जात असे, पण गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला तयार नव्हता. दिल्ली हायकोर्टाने मे २०२५ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बडतर्फी कायम ठेवली. यावर माझ्या फोनवर दोन्ही बाजूंचे मेसेज धो धो आले. एक बाजू म्हणाली गद्दार, दुसरी म्हणाली हुतात्मा. मला दोन्ही शब्द पटत नाहीत.

बायबलमध्ये दोन्ही प्रकारची माणसे आहेत. दानिएलच्या तीन मित्रांनी राजाच्या मूर्तीपुढे वाकायला नकार दिला आणि भट्टीत जायची तयारी ठेवली. आणि नामान नावाचा सेनापतीही आहे. अराम देशाचा. अंगावर कोड होते. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देन नदीत सात बुड्या मारल्या आणि बरा झाला. आता मी इस्राएलाच्या देवाशिवाय दुसऱ्या कुणाला भजणार नाही, असे तो म्हणाला. पण लगेच एक अडचण मांडली : माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो. तो वाकला की मलाही वाकावे लागते. एवढ्याची देवाने क्षमा करावी. संदेष्ट्याने त्याला दटावले नाही, सवलतीचा दाखलाही दिला नाही. शांतीने जा म्हणाला.

माझे मत विचाराल तर जवानांबरोबर देवळात, गुरुद्वाऱ्यात उभा असलेला अधिकारी हा नामानाच्या जागी आहे. तो राजाच्या मूर्तीला भजायला नाही, आपल्या माणसांना हात द्यायला उभा आहे. मी नोकरीभर मंदिर परेडला उभा राहिलो. माझ्या बाजूला मुसलमान हवालदार उभा असे, आणि ईद-नाताळला हिंदू सुभेदार साहेब आमच्याबरोबर उभे असत. आमच्यापैकी कुणाचा देव कमी झाला नाही. जो माणूस उद्या माझ्या शब्दावर गोळीसमोर जाणार, त्याच्या देवासमोर मी आदराने उभा राहिलो तर माझा विश्वास बाटत नाही, असे मला वाटते. तरीही त्या लेफ्टनंटची टिंगल मी करणार नाही. त्याने खर्चाचा हिशेब केला आणि पगार, पेन्शन, वर्दी सगळे मोजून दिले. मी त्या जागी वेगळा वागलो असतो, पण किंमत न मोजता बोलणाऱ्यांपेक्षा किंमत मोजून चुकणाऱ्याला मी जास्त मान देतो. आणि पल्टनीनेही एक लक्षात ठेवावे की उभे राहणे हुकमाने मागता येते, भजणे हुकमाने मागता येत नाही. ते कोणत्याच धर्मात मागता येत नाही.

तर जवानांच्या त्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. बाप्तिस्मा घेतला की माणूस तरला का? तारणारा देव आहे, तो कुणाला तारतो याची यादी माझ्याकडे नाही, पाद्र्याकडेही नाही. पण एखादा माणूस शिष्य आहे की नाही याचा अंदाज तुम्हाला घेता येतो, त्यासाठी धर्म माहीत असण्याची गरज नाही. लंगरमध्ये शेवटचा माणूस जेवल्याशिवाय तो ताट घेतो का, बघा. सुट्टीवरून आल्यावर उसने पैसे न मागता परत करतो का, बघा. हाताखालच्याचे चुकले तर सीओ साहेबांपुढे स्वतः उभा राहतो का, बघा. ज्याने त्याचे वाईट केले त्याच्या घरी दुःखाच्या दिवशी जातो का, बघा. ख्रिस्ती म्हणवणारा यात नापास होत असेल तर त्याला स्पष्ट सांगा, राग मानू नका. आम्हाला त्याची गरज आहे. आणि दुसऱ्या धर्माचा कुणी यात पास होत असेल, तर मी तरी त्याला येशूच्या पासून लांब मानायला धजत नाही.

आमच्या मंडळीला एवढेच सांगणे आहे की आकडे मोजणे पुरे करा. रोलकॉलला नफरी पूर्ण असली म्हणजे पल्टन लढते असे नाही, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.